किड्यानं खाल्लेलं पान

थोरलीला कुणाचं काही बिघडलेलं बघवत नसे. पुतण्याच्या चित्रातला वाकडा सूर्य ती गोल करून द्यायची, दिरानं इस्त्री केलेला शर्ट पुन्हा इस्त्री करायची. घरात कुणाची तक्रार नव्हती; काम आयतं होत होतं. धाकट्या जावेनं छपाईची कार्यशाळा सुरू केली आणि मदतीला थोरलीला नेलं, तेव्हा हीच सवय डोक्याला ताप होईल असं धाकटीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धाकटी अकरा वर्षं एका कापड कारखान्यात नक्षी काढत होती. नोकरी सोडल्यावर तिनं एका शिवणक्लासची खोली रविवारपुरती मिळवली. मशिनी भिंतीकडे सरकवल्या की कापड बेतायची दोन लांब टेबलं मोकळी व्हायची. कोपऱ्यात नळ होता. चार रविवार, आठ माणसं, सगळी नवशिकी. येताना झाडाची पानं आणायची. काचेवर रोलरनं शाई पसरायची, पानाची शिरांची बाजू तिच्यावर दाबायची, मग पान कापडावर ठेवून वरून कागद घालून अंगठ्यानं चोळायचं. शेवटच्या रविवारी त्या ठशांवर धावदोरा घालायचा. सांगायला सोपं. पण शाई जास्त झाली की शिरा बुजतात आणि नुसता डाग उठतो, कमी झाली तर काहीच उठत नाही, आणि पान जरा हललं की एकाची दोन दिसतात.

"पहिली वीस पानं बिघडणार," धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "बिघडू द्या."

वीस कुठली! कुणाची दोन बिघडली की थोरली हजर. "बघू, आण इकडे," म्हणायची आणि दोन मिनिटांत असा ठसा उठवून द्यायची की शेजारचेही वाकून बघत. तिचा हात मुळातच हलका होता. लोक खूश होऊन घरी जायचे, फोटो पाठवायचे. धाकटीला वाटत होतं, आपलं शिकवणं जमतंय.

तिसऱ्या रविवारी तिनं प्रत्येकाला दोन हात लांब कापड दिलं आणि म्हणाली, "आज मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही करा."

पाच मिनिटं झाली तरी रोलरला कुणी हात लावेना. सगळ्यांच्या माना थोरलीकडे. त्यात एक दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक सुई घालणारी बाई, पण आता मांडीवर हात ठेवून बसलेली.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"शाई किती घ्यायची ते मला कळत नाही हो. तुमच्या जाऊबाई करून देतात ना."

तीन रविवार पालथ्या घड्यावर पाणी! चहाच्या सुट्टीत धाकटीनं थोरलीला नळाशी गाठलं.

"वहिनी, पाया पडते, कुणाच्या कापडाला हात लावू नका."

"अगं, लोक हौसेनं येतात. परीक्षेला नाही बसलेले."

"शिकायला येतात."

"छान काहीतरी घरी न्यायला येतात," थोरली म्हणाली. "तुला कारखान्यातली सवय. बरं बाई, नाही लावत."

अर्धा तास तिनं शब्द पाळला. दोन्ही हात काखेत घालून ती दोन टेबलांमधून फिरत राहिली. हात शिवशिवत होते ते खोलीभर दिसत होतं.

टेबलाच्या टोकाला बसवाले काका बसायचे. सव्वीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी थोरलीला कधी बोलावलं नव्हतं, आणि त्यांचं टोक भिंतीकडचं असल्यानं तीही तिकडे फारशी फिरकली नव्हती. आज त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर अकरा ठसे काढून बघितले, अकराही वाया गेले. बारावा त्यांनी कापडावर घेतला, कागद उचलला, बराच वेळ बघितलं आणि नळाशी गर्दी होती म्हणून हात धुवायला बाहेरच्या मोरीकडे गेले.

धाकटी तेव्हा डॉक्टरणीपाशी वाकली होती. मागे वळली तोवर थोरलीच्या हातात बारीक ब्रश होता.

"वहिनी!"

"झालंच. बिचाऱ्यांचं अर्धं उठलंच नव्हतं."

काका रुमालाला हात पुसत आले आणि उभे राहिले. कापडावर अखंड, देखणं पान होतं. कडा नीट, शिरा सगळ्या जागच्या जागी.

"हे कुणी केलं?"

"मी," थोरली हसून म्हणाली. "मधेमधे भोकं राहिली होती ना, ती भरली."

"ती भोकं पानालाच होती," काका म्हणाले. "किड्यानं खाल्लेलं पान आहे ते. शेवटच्या थांब्यावर झाड आहे. सात मिनिटं गाडी थांबायची तिथं. दरवर्षी अळ्या पानांची चाळण करतात, मी खिडकीतून बघायचो. तसलंच हवं होतं मला."

शाईतलं पान बारा दाबांनी मऊ होऊन देठापासून फाटलं होतं. काकांनी ते उचललं, परत ठेवलं. कापडाची घडी घालून टेबलावरच सोडली, पिशवी घेतली आणि गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

चढला तो धाकटीचा. "सांगितलं होतं ना मी? सगळ्यांना पांगळं करून ठेवलंत! इथंही आणि घरातही. माझा मुलगा आठवीत गेला, अजून वह्यांना कव्हरं तुमच्याकडून घालून घेतो!"

सगळे खाली बघू लागले. थोरलीनं रोलर गोळा केले, नळाखाली धरले आणि एकेक करून शेवटपर्यंत धुतले. घरी जाताना दोघी एकाच रिक्षात दोन टोकांना बसल्या.

चौथ्या रविवारी थोरली आली नाही. "डोकं दुखतंय," एवढंच दारातून म्हणाली. धाकटी एकटी गेली आणि तिची त्रेधा उडाली. कागद कापलेले नव्हते, सुया मोजलेल्या नव्हत्या, हात पुसायच्या चिंध्या घरीच राहिलेल्या. आठांतले पाचच आले. त्यातल्या दोघींनी तोंड पाडून डागांवरच दोरा घातला. डॉक्टरणीनं सहा पानं बिघडवली, सातव्याला रोलर आपटला, आठवं जेमतेम उठलं. "बरंय," ती म्हणाली आणि ते कापड बॅगेत कोंबलं. कुणी फोटो काढला नाही.

काकांना धाकटीनं तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ते बोलले. "राग नाही हो मला. पण पानगळ झाली. आता झाड उघडं आहे."

"पुढच्या वर्षी या ना."

"बघू," ते म्हणाले. ते येणार नाहीत हे तिला त्या 'बघू'वरूनच कळलं.

तिनं हे जेवताना सांगितलं. थोरली ताटाकडे बघत म्हणाली, "मी जाऊन आले त्यांच्याकडे. बुधवारी. नवं कापड घेऊन. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले, पण कापड काही घेतलं नाही." मग एकदम चिडून, "मला काय स्वप्न पडलं होतं, फाटकं पान मुद्दाम आणलंय म्हणून?"

"विचारायचं होतं."

"हो. विचारायचं होतं." थोरलीनं ताट उचललं.

महिन्यानं नवी तुकडी सुरू झाली. थोरली आली, पण नळापाशीच राहिली. पहिल्याच तासाला एक बाई आपल्या कापडावरचा काळा डाग बघून वैतागली. "मागच्या वेळी माझी मैत्रीण आली होती. तिची पानं किती सुंदर आलीत! म्हणून तर मी आले. माझंच असं का?"

"तिची तिनं केली नव्हती," धाकटी म्हणाली.

"मग ज्यांनी केली त्यांच्याकडे मला बसवा की."

धाकटीनं नळाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि कापड उचलून सरळ थोरलीपुढे धरलं. थोरलीनं त्या डागाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं.

"माझे हात ओले आहेत," ती म्हणाली, आणि हात पुन्हा बादलीत घातले.

बाई पाय आपटत जागेवर आल्या. धाकटीनं त्यांच्यापुढे दुसरं पान ठेवलं.

"शाई कमी घ्या," ती म्हणाली. "आणि शिरा खाली."