ईश्वरप्पांच्या माळवदातली काच

भवानी पेठेतल्या ईश्वरप्पांचं घर माळवदाचं होतं. भिंती हातभर रुंद, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यातही आत गारवा असे. पण मधल्या खोलीत भरदुपारी दिवा लावल्याशिवाय सुई ओवता येत नसे.

चौऱ्याहत्तर साली जिकडंतिकडं एकच बोलणं होतं, वीज वाचवा, रॉकेल वाचवा. आपल्या चादरींच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ईश्वरप्पा पेपर वाचत आणि वाचलेलं शेजाऱ्यांना समजावत. समजावता समजावता त्यांना वाटलं, सुरुवात आपल्याच घरापासून करावी.

थंडीत त्यांनी गवंडी बोलावला, माळवदाला खाटेएवढं भोक पाडून घेतलं आणि त्यावर जाड काच बसवली. खोली उजळून निघाली.

"आता दिवसा बटण दाबायचं काम न्हाई," ते बायकोला म्हणाले. "दोन वर्षांत खर्च वसूल!"

महादेवी वर बघत म्हणाली, "उजेड झकास हाय. पण ऊन काय भाईरच थांबणार हाय का?"

"तुला त्यातलं कळायचं न्हाई."

एप्रिलात ईश्वरप्पांना कळलं. खोलीचा तवा झाला. जेवताना ऊन नेमकं त्यांच्या टकलावर येई. ताट घेऊन सरकत सरकत ते न्हाणीच्या दारापर्यंत पोचले. मग टेबलफॅन आणला, तर तो गरम वाराच फिरवू लागला. शेवटी शिडी लावून ते वर चढले आणि दुकानातल्या दोन जाड चादरी काचेवर अंथरल्या. खाली अंधार पडला, म्हणून दिवा लावला.

दिवा चालू, पंखाही चालू. ईश्वरप्पा मधोमध घाम पुसत बसले आणि त्यांना स्वतःचंच हसू फुटलं.

तेवढ्यात अक्कलकोटचा मेव्हणा तिप्पण्णा दारात उभा राहिला. हिवाळाभर त्यानं या काचेची तारीफ ऐकली होती.

"दाजी, मी बी गवंडी सांगितलाय. उद्या माळवद फोडणार. म्हटलं, एकदा नीट बघून जावं."

"काच जरा धुवायला काढलीय," असं ईश्वरप्पांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण महादेवी त्यांच्याकडंच बघत होती. त्यांनी ती थाप सोडून दिली.

"बस हितं," म्हणत त्यांनी मेव्हण्याला खोलीच्या मध्यभागी बसवलं, दिवा-पंखा बंद केला आणि वर जाऊन चादरी बाजूला ओढल्या.

थोड्याच वेळात खालून हाक आली, "दाजी, हे वीज वाचवायला केलंय, का भाकरी भाजायला?"

"भाकरी भाजली असती तर सरपण तरी वाचलं असतं!" वरून ईश्वरप्पा ओरडले. हसता हसता त्यांना शिडीची पायरी सापडेना.

पावसाळ्याच्या आत त्यांनी माती परत भरून घेतली, फक्त ताटाएवढी काच ठेवली. तेवढ्या उजेडात महादेवी सुई ओवू लागली. कुणी खर्चाचं विचारलं की ईश्वरप्पा स्वतःच सांगत, "माझ्या घरात काय वाचलं म्हणाल, तर तिप्पण्णाचं माळवद!"