दमलेला निखाऱ्या

घोडेसरांना घोडेसर म्हणत ते आडनावावरून नव्हे. बुद्धिबळाच्या पटावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव घोड्यावर, आणि स्वभावही तसाच: सरळ चालायचं नाही, पण अडीच घरांचा नियम काही केल्या मोडायचा नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी ते वर्ग घेत. एके काळी तिथे बाकं पुरत नसत. आता तीन मुलं येत. एक जांभया देई. दुसऱ्याचे आईबाप तेवढ्या वेळात बाजारहाट उरकून घेत म्हणून तो येई. तिसरी मुलगी खरंच खेळायची, पण तिला पुढच्या महिन्यापासून पोहायला घालणार होते.

वर्गाचा नियम एकच. राजा पडेपर्यंत उठायचं नाही. डाव हरलाय हे आंधळ्यालाही दिसत असलं तरी शेवटपर्यंत बसून खेळायचं. मुलांच्या पायांना मुंग्या येत, पण सरांचं म्हणणं होतं की मुंग्यांनी आजवर कुणी मेलेलं नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र हल्ली जिन्यातच बंड करायचे. वर पोहोचल्यावर ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघण्याचं नाटक करत आणि दम खात. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगणं म्हणजे उठणं.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर ग्रंथपालबाई वर आल्या. भल्या बाई, पण वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसत बसायच्या. त्यांनी चष्मा काढला तेव्हाच सरांच्या लक्षात आलं.

"सर, एक विचारायचं होतं. काही मंडळींना रविवारी ही खोली हवीय. तो राक्षसांच्या झुंजींचा व्हिडिओ गेम असतो ना, तो खेळायला. चांगली नोकरीधंदा करणारी माणसं आहेत, पोरंटोरं नाहीत. आता आपला नियम असा, की ही खोली फक्त बुद्धीच्या खेळांना. कमिटीत दोन तट पडले. शेवटी ठरलं, तुम्हालाच विचारायचं. त्यात खरंच डोकं लागतं, की नुसती बटणं बडवायची? तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला. हो म्हणालात, तर... तुमच्याकडे तीन मुलं, त्यांच्याकडे खोलीभर माणसं."

"म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली," सर म्हणाले. "मागणी कुणाची आहे?"

बाईंनी पुन्हा चष्मा पुसला. "तुमच्याच लेकीची, सर. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

सरांना माहीत नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ, आणि बातमी मात्र परक्याच्या तोंडून. पुढच्या रविवारी उत्तर देतो म्हणून ते जिना उतरले. खोली जाणार याचं दुःख होतंच. पण लेकीने एका घरात राहून आपल्याला सांगितलं नाही, हे जिना उतरताना प्रत्येक पायरीवर टोचत होतं.

लेक एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करी. तिथे तिला सगळे सुईताई म्हणत. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या, रडणाऱ्यांना हसवायचं, हसणाऱ्यांना मूठ वळायला सांगायचं. घरी आली की ती चपला भिरकावून खिडकीजवळच्या खुर्चीत पडे, पाय स्टुलावर टाकी आणि हातात ते चपटं यंत्र घेऊन बसे. सर म्हणत, "हातपाय धू, जेवण झाकून ठेवलंय." ती म्हणे, "हो बाबा." बायको गेल्यापासून घरात मुख्य संभाषण म्हणाल तर एवढंच. भांडण नव्हतं. भांडायला सुद्धा अंगात त्राण लागतं.

त्या आठवड्यात सर रोज वाट बघत राहिले, आज बोलेल, उद्या बोलेल. लेकीने ताकास तूर लागू दिली नाही. शनिवारी दुपारी तिला सुट्टी होती. जेवणं झाल्यावर सरांनी टेबल पुसलं आणि ते तिच्यासमोर बसले.

"ते तुझं यंत्र आण इकडे. मला शिकव."

लेकीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "ग्रंथपालबाई बोलल्या वाटतं."

"बोलल्या. तुला नाही बोलता आलं?"

"बोलून काय होणार होतं? तुमचं उत्तर मला पाठ आहे."

"काय आहे माझं उत्तर?"

लेकीने पाठ ताठ केली, नाक वर केलं आणि अगदी त्यांच्या आवाजात म्हणाली, "'ज्यात नशीब चालतं त्याला खेळ म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.'"

सरांच्या जिभेवर हेच वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं. गिळताना जरा अडकलं.

तिने कपाटातून तिचं जुनं यंत्र काढून त्यांना दिलं आणि समजावलं. प्रत्येकाकडे राक्षसांची एक टोळी. मैदानात एका वेळी प्रत्येकाचा एकच राक्षस, बाकीचे मागे बसलेले. आग गवताला जाळते, गवत पाणी पिऊन टाकतं, पाणी आग विझवतं. आपला राक्षस मार खातोय असं वाटलं तर त्याला मागे घेऊन दुसरा आणायचा, पण त्यात आपली पाळी जाते, आणि येणाऱ्याला आल्या आल्या समोरच्याचा तडाखा बसतो. आणि दोघांनी आपापली चाल गुपचूप निवडायची. दोघांचं ठरलं की मगच दोन्ही चाली एकदम उघड होतात.

"एकदम?" सरांच्या कपाळाला आठी पडली. "मग समोरच्याने काय केलं ते बघून उत्तर कसं द्यायचं?"

"नाही द्यायचं. ओळखायचं."

राक्षसांची खरी नावं सरांच्या जिभेला पेलेनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. शेपटीला विस्तव असलेली पाल ती निखाऱ्या. हिरवा केसाळ गोळा तो शेवाळ्या. लेकीकडे एक गलेलठ्ठ बेडूक होता, त्याचं नाव डबक्या. नावं ऐकून लेक हसली. खूप दिवसांनी हसली, आणि सरांना उगाचच वाटलं की आपण काहीतरी कमावलं.

ते फार टिकलं नाही. सर पहिली झुंज हरले, दुसरीही हरले. गंमत म्हणजे त्यांची एकही चाल चुकली नव्हती. कोण कोणावर भारी पडतो हे त्यांनी चहा थंड होईपर्यंत बसून पाठ केलं होतं. निखाऱ्यासमोर डबक्या आला की ते निखाऱ्याला मागे घेत आणि शेवाळ्याला पुढे करत, कारण शेवाळ्याला पाण्याचं भय नाही. आणि नेमक्या त्याच वेळी डबक्या पाणी न मारता विषारी थुंकी टाकी. ती थुंकी निखाऱ्यावर पडती तर चर्र करून वाफ झाली असती. पण ती पडायची नुकत्याच आलेल्या शेवाळ्यावर, आणि तो बिचारा आल्या पावली आडवा.

"हे नशीबच आहे," सर म्हणाले. "मी शेवाळ्याला आणणार हे तुला काय स्वप्नात दिसलं?"

"तुम्ही नेहमी बरोबर चाल खेळता, बाबा."

"मग?"

"म्हणून हरता. पटावर बरोबर चाल खेळली की झालं, समोर कोण बसलंय त्याने फरक पडत नाही. इथे माणूस ओळखायला लागतो. तुम्ही काय करणार ते मला आधीच माहीत असतं."

सरांना राग आला, पण राग टिकवायला जोर लागतो आणि तो उरला नव्हता. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं स्पष्ट दिसत होती. ही कधीपासून आहेत, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"आणखी एक," ती म्हणाली आणि तिसरी झुंज लावली.

ही झुंज लांबली. दोघांच्या टोळ्या सारख्याच झिजल्या. शेवटी मैदानात निखाऱ्या आणि डबक्या. निखाऱ्याच्या शेपटीवर विस्तवाची ठिणगी तेवढी उरली होती. डबक्याही धापा टाकत होता. सरांचं बोट सवयीने शेवाळ्याकडे गेलं.

"बघा," लेक यंत्रावरून नजर न उचलता म्हणाली. "घेणार त्याला मागे."

"घेणारच. दमलाय तो. दमलेल्याला मागे नाही घ्यायचं तर काय करायचं? मरू द्यायचं?"

लेकीने मान वर केली. मग अगदी साध्या आवाजात, लॅबमध्ये मूठ वळायला सांगते तशा आवाजात म्हणाली, "राक्षसाला लगेच मागे घेता. गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा मी विचारलं, रजा काढू का. तुम्ही म्हणालात, अंगावर काढ, रजा शिल्लक राहू दे."

सरांना ते आठवलं. ते दाराशी उभे राहून म्हणाले होते. हातात तिचा डबा होता. त्यांना ते शहाणपणाचं वाटलं होतं. आजही कुणी विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं. ती त्या दिवशी गेली, लोकांच्या शिरा शोधल्या, परत आली आणि खुर्चीत बसली. आणि आपण म्हणालो, हातपाय धू.

"निवडा ना, बाबा. माझं झालंय."

सर लेकीकडे बघत होते. बोट शेवाळ्यावरून कधी सरकलं, ते त्यांनाच समजलं नाही. त्यांनी निखाऱ्याला मागे घेतलं नाही. हाताला लागला तो वार दाबला.

दोन्ही चाली उघड झाल्या. डबक्याने नेहमीसारखी विषारी थुंकी टाकली, पण समोर शेवाळ्या नव्हताच. थुंकी निखाऱ्यावर पडली, चर्र झालं, वाफ झाली. मग त्या अर्धमेल्या पालीने शेपटी फिरवली आणि डबक्या उताणा पडला. यंत्रात पिपाण्या वाजल्या.

लेक पडद्याकडे बघत राहिली. "हे मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "कसं सुचलं?"

"सुचलं नाही," सर म्हणाले. "मी तुझ्याकडे बघत होतो."

सरांना जिंकल्याचा आनंद झाला नाही. सरांनी चहाचे कप उचलले आणि विसळून उपडे घातले. लेक खुर्चीत तशीच डोळे मिटून बसली.

रविवारी वर्ग संपला आणि मुलं गेली. वरच्या खोलीत ग्रंथपालबाई आल्या, कमिटीतले दोघे आले. मागे लेक आणि तिच्या मंडळातली दोन-तीन माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. लेकीचा चेहरा घट्ट होता. सरांनी तो ओळखला. ती तयारी करून आली होती. बाबा नाही म्हणाले तर काय बोलायचं ते तिच्याकडे होतं, आणि बाबा मोठेपणाने खोली अर्धीअर्धी करू म्हणाले तर काय बोलायचं, तेही होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तिने बापाच्या बाबतीत धरूनच ठेवलेलं होतं.

"बोला सर," बाई म्हणाल्या. "डोकं लागतं का?"

"लागतं," सर म्हणाले. "मला वाटलं त्याहून जास्त. पटावर सगळं उघडं असतं, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता माणूस जन्मभर खेळू शकतो. मी खेळलो. यात तसं चालत नाही. नशीब आहे थोडं, पण नशीब आहे म्हणून डावपेच खोटे ठरत नाहीत. मी दोन झुंजी हरलो त्या नशिबाने नव्हे. माझी चाल हिला माझ्याआधी ठाऊक होती."

कमिटीतल्या एकाने घसा साफ केला. "म्हणजे खोली त्यांना द्यावी, असं तुमचं मत?"

"द्या. पण त्या गेमपायी देऊ नका." सरांनी समोरच्या पटावरचा राजा उचलला. क्षणभर हातात धरला आणि मग आडवा ठेवला. हार मानून आजवर या खोलीत राजा असा कुणी आडवा ठेवला नव्हता. "मी दमलोय. जिना चढवत नाही."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरल्या. "सर, तुम्ही? तुम्ही कधीपासून दमायला लागलात?"

"बरीच वर्षं झाली," सर म्हणाले.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. लेकीचं तोंड किंचित उघडं होतं. दोन्ही उत्तरं तिच्याकडे तयार होती आणि दोन्ही फुकट गेली होती.

सोंगट्यांची पेटी तिने उचलली. बाकीचे वरच बोलत राहिले, ही दोघं जिना उतरायला लागली. सर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि खिडकीशी करायचे तसलं नाटक करायची आज गरज नव्हती. अर्ध्यावर ते थांबले.

"उद्या ड्यूटी आहे?"

"आहे."

"जाऊ नकोस. रजा काढ."

लेक एक पायरी खाली होती. ती वळली नाही. "आणि शिल्लक?"

"खड्ड्यात गेली शिल्लक."

लेक तिथेच पायरीवर बसली, पेटी मांडीवर घेऊन. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा सरांना आधी वाटलं, हसतेय. मग त्यांनी कठडा सोडला, गुडघ्यांना एक शिवी हासडली आणि ते तिच्या शेजारी बसले. त्यांनी पेटी तिच्या मांडीवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

वरून ग्रंथपालबाईंनी हाक मारली, "सर, काय झालं? उठवत नाही का?"

"उठतो हो," सर म्हणाले. "थोडं बसतो."