रजयांखाली दडवलेलं बीपीचं मशीन

मी एक जुनं बीपीचं मशीन आहे. सेलवर चालणारं नाही हं. गोल तबकडी, काळा पट्टा, रबरी फुगा. फुगा दाबला की काटा चढतो, हवा सोडली की उतरतो, परत शून्यावर. मी काही लिहून ठेवत नाही. लिहून ठेवणारे वेगळे असतात, मित्रांनो.

मला वहिनींनी आणलं. त्या एका दवाखान्यात मदतनीस होत्या, तिथेच बीपी मोजायला शिकल्या. त्यांचे मिस्टर म्हणजे दादा. दादांचा आतेभाऊ या दोघांना दादा-वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतं.

दादा कारखान्यात लेथवर होते. कारखान्याचा विमा सगळ्या घराला होता. तेव्हा माझी काय ऐट! टेबलावर जागा. दर रविवारी मोजणी. एकदा काटा फार वर गेला, दादांना गोळी सुरू झाली, काटा खाली आला. शाबासकी मला मिळाली.

मग विम्यातून आधी दादांचे म्हातारे आईवडील गळाले. मग वहिनी. मग कारखानाच बंद पडला. दादांनी जुना लेथ आणि एक हवेचा कंप्रेसर घेऊन एका गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं.

आता विमाही स्वतःचा काढायचा. एजंट कोण, तर तोच आतेभाऊ.

"दादा, अर्जात बीपी लिहिलं तर हप्ता तुला झेपायचा नाही. वर दरवर्षी वाढतो तो."

"मग काय करू?"

"काय करू म्हणजे? तुला बीपी नाहीच."

असा दादांचा आजार चहा पिता पिता बरा झाला.

मला कपाटात रजयांखाली कोंबलं. कुणी चौकशीला आलं तर दिसायला नको. डॉक्टरकडे जाणं बंद, कारण डॉक्टर कागदावर लिहितात. गोळ्या लांबच्या दुकानातून, बिल न घेता. संपल्या की कितीतरी दिवस गोळीविनाच. हप्ता मात्र कधी चुकला नाही. दरवर्षी वाढला, तरी नाही.

"कंप्रेसरचा काटा रोज बघता. स्वतःचा कधी बघणार?" वहिनी टोमणा मारायच्या.

"कंप्रेसरचा विमा काढायचा नाहीये ना," दादा हसायचे.

रजयांखाली मला ऐकू यायचं. मला हसू आलं नाही.

एका दुपारी दादा गाळ्यातच कोसळले. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. फोन आला तसं वहिनींनी रजया उपसल्या, मला पिशवीत टाकलं आणि धावल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "आधीपासून बीपी आहे का? काही गोळ्या?"

आतेभावाने मागून वहिनींचं कोपर दाबलं. "नाही म्हणा, वहिनी. सगळं बुडेल."

वहिनींनी मला टेबलावर ठेवलं. "आहे. बरीच वर्षं आहे. ही गोळी, हे तिचं रिकामं पाकीट. पण परवापासून संपलीये."

दादा वाचले. विमा कंपनीने आजार लपवला म्हणून एक पैसा दिला नाही. लेथ विकला. कंप्रेसरही गेला.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. रोज दादांच्या डाव्या दंडाला.

"तेव्हा एक शब्द गिळला असतास तर लेथ वाचला असता," दादा अडखळत म्हणतात.

"आणि तुम्ही?"

दादा डावा दंड पुढे करतात. वहिनी फुगा दाबतात.

परवा आतेभाऊ पुन्हा आला. "झालं ते झालं. वहिनी, तुमच्या एकटीचा काढू. तुम्हाला काही त्रास नाही ना?"

"माहीत नाही. माझं कधी मोजलंच नाही."

"छान! मग मोजूच नका."

वहिनींनी त्याच्यासमोर पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. काटा चढवला. मग स्टेथोस्कोप कानाला लावून हळूहळू हवा सोडत ऐकत बसल्या. काटा वर असतानाच ठोके सुरू झाले. खूप वर. म्हणजे वहिनींनाही बीपी.

"लिही," वहिनी म्हणाल्या.

आतेभावाने पेन खिशात ठेवलं.

मित्रांनो, माझी काच फुटली तरी चालेल, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण मला लपवू नका. मला झाकलं म्हणून माणसाचं बीपी उतरत नाही. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन विम्याच्या कचेरीत बसलं, तर हप्ता तेवढाच ठेवा, जेवढ्यात माणसाला खरं बोलणं परवडेल.