शेगडीचं दार

आमच्या घरात कोळसा जास्त जळायला लागला, तेव्हा आम्ही शेगडी तपासली नाही, सासऱ्यांना तपासलं.

शेगडी बैठकीतली, उभी, लोखंडी, धुराडं असलेली. हिवाळ्यात सगळं घर तिच्या जिवावर, आणि ती सांभाळायचे सासरे. गिरणीच्या बॉयलरवर चौतीस वर्षं कोळसा टाकलेला माणूस. फावड्यात किती आला हे न बघता सांगायचे. एक पोतं आठ दिवस, हे त्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं. यंदा पोतं पाचव्या दिवशी रिकामं व्हायला लागलं.

नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. हवेशिवाय ज्वलन नाही, हे दरवर्षी वर्गभर पोरांकडून घोकून घेतो. घरी मात्र त्याने दोन दिवसांत निदान करून टाकलं, की बाबा विसरतात. टाकलेला कोळसा आठवत नाही म्हणून पुन्हा टाकतात. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, सोयीचं होतं म्हणून पटलं. वय झालं असं एकदा म्हटलं की पुढे कुणाला काही करावं लागत नाही.

सासरे आपल्या परीने शोध घेत होते. आधी त्यांनी राख चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, खडे नाहीत, कोळसा पुरता जळतोय, मालात खोट नाही. नवऱ्याला एवढंच दिसलं, की म्हातारा राखेत बोटं घालून बसलाय. मग त्यांनी हवा आत घेणारी खालची खिडकी लावून टाकली आणि समोर स्टूल घेऊन तासभर बसून राहिले. हवा तोडल्यावर आग मंदावायला हवी होती, ती मंदावत नव्हती. आम्ही म्हटलं, शून्यात बघत बसतात.

शेगडीचं दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या खाचेत एक जाड, न जळणारी दोरी असते. ती गेलीये, दार हवा खातंय, दोरी बदला, असं सासरे सकाळी म्हणाले, जेवताना म्हणाले, संध्याकाळीही म्हणाले. मी दार बघितलं. ते लागत होतं, कडी बसत होती. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तेच तेच बोलणं हेही लक्षणच, असं तो रात्री मला समजावत होता.

एका दुपारी मी बाजारातून आले, तर सासरे शेगडीपुढे उकिडवे बसून काड्या पेटवत होते. पेटती काडी बंद दाराच्या कडेकडेने फिरवायची, विझली की दुसरी. फरशीवर दहाबारा जळक्या काड्या पडल्या होत्या.

"हे बघ सूनबाई, ज्योत आत ओढली जातेय," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

मी बघितलं नाही. मी काडेपेटी काढून घेतली आणि नवऱ्याला शाळेत फोन केला, की बाबा आगीशी खेळतात. हे वाक्य माझं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. नणंदेच्या इमारतीत नळांतून गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवतात, पेटवायचं काहीच नाही, म्हणून त्यांना तिकडे ठेवायचं ठरलं. सासऱ्यांनी एकदाच हट्ट धरला, की आधी दोरी बदलून बघा आणि मग मला पाठवा. नवरा म्हणाला, बदलू हं बाबा. लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाला. आठवड्याभरात त्यांची बॅग भरून झाली.

ते गेले, आणि पोतं पाचव्याच दिवशी संपलं. आता कोळसा मी टाकत होते. मला म्हातारचळ लागलाय म्हणायला माझं वय आड येत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला.

मिस्त्रीने राख चिमटीत चोळली. खालची खिडकी लावली आणि जरा वेळ आगीकडे बघत बसला. मग खिशातून काडेपेटी काढली. दाराच्या वरच्या कोपऱ्याशी ज्योत वाकली आणि आत खेचली गेली. दोरी गेलीये, सर, दार हवा खातंय, असं म्हणून तो उठला. नवरा खूश होऊन म्हणाला, याला म्हणतात अनुभव. मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात निघून गेले. अर्ध्या तासात नवी दोरी बसली आणि पोतं पुन्हा आठ दिवस जायला लागलं.

बाबांना हे सांग, असं मी नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणाला, ते तिथे रुळलेत, उगाच परत यायचं म्हणतील. रविवारी त्यांचाच फोन आला. पहिला प्रश्न कोळशाचा. नवऱ्याने सांगितलं, आठ दिवस जातं, बाबा. मी गेल्यापासून का, असं त्यांनी विचारलं असावं, कारण नवरा म्हणाला, हो, तुम्ही गेल्यापासून. पहिलं पोतं सोडलं तर यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. मिस्त्री, काडी, ज्योत, दोरी, सगळं सांगितलं. चूक आमची होती, तुमचंच बरोबर होतं, परत या, असंही म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते अगदी मऊपणे बोलले. "राहू दे, सूनबाई. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. हाताला अंदाज राहिला नाही, हे मला कळलंय आता."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. तोवर फोन नणंदेच्या हातात गेला होता.

"वहिनी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ता कुठे त्यांनी मान्य केलंय. तू परत ते दोरीचं काढू नकोस."