शंभराला ब्याऐंशी

निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला अख्ख्या महाराष्ट्रात पेढे वाटणं सुरू झालं, आणि नांदूरघाटच्या रस्त्यावरच्या त्या शाळेतल्या दहावीच्या पोरांना मोबाइलवर एकच शब्द दिसला. राखीव. पास नाही, नापास नाही, राखीव. शाईस्तानं नंबर पुन्हा टाकून पाहिला. मग अब्बाच्या गॅरेजात पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाचा मोबाइल मागून त्यावर टाकला. मोबाइल बदलला म्हणून निकाल बदलत नसतो, पण जीव राहत नाही.

"राखीव म्हंजे जागा धरून ठिवली असंल की," रईस हात पुसत म्हणाला. लेकीच्या बाबतीत जगात काही वाईट घडू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरतच नसे.

जागा धरायचीच होती, पण ती बीडच्या पॉलिटेक्निकात. शाईस्ताला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. चालायला लागल्यापासून ती गॅरेजात ग्रीसमध्ये हात घालून बसलेली. कार्बोरेटर उघडायचा आणि पुन्हा बसवायचा हा तिचा भातुकलीचा खेळ. तिची अम्मी आमिनाबी कुरकुरायची, की काळ्या नखांच्या पोरीला कोण विचारणार. पण रईसनं शब्द दिला होता, मार्क पडू दे, मी पाठवतो. प्रवेशाची यादी महिनाभरात लागायची होती. यादीला मार्क लागतात, आणि राखीव निकालाला मार्क नसतात.

आठवडाभरानं हेडसर बबनरावांनी सगळा वर्ग शाळेत गोळा केला आणि मंडळाकडून आलेलं पत्र वाचून दाखवलं. बीजगणिताच्या पेपरात जीएसटीचं एक गणित होतं. वस्तूची करासकट किंमत दोन हजार तीनशे साठ रुपये, कर अठरा टक्के, तर कराआधीची किंमत काढा. बरोबर उत्तर दोन हजार. ह्या वर्गातल्या एकूण एक पोरानं लिहिलं होतं, एक हजार नऊशे पस्तीस रुपये वीस पैसे. आणि उत्तराच्या आधी प्रत्येकाच्या पेपरात एक ओळ होती: 'म्हणून शंभराला ब्याऐंशी.' कुठल्याच पुस्तकात नसलेली ओळ. तपासनिसानं वर कळवलं की ही सामूहिक कॉपी आहे, आणि चौकशी समिती नेमली गेली.

"सर, कॉपी कवा झाली?" सिदू उठून म्हणाला. दांडगा पोरगा, पण त्या दिवशी आवाज रडका झाला होता. "पथकवाल्यानं मला मान बी वळवू दिली न्हाई."

हे अगदी खरं होतं. ज्या मुलखात परीक्षेच्या दिवशी मामा-काका शेतीची कामं टाकून खिडकीखाली उभे राहतात आणि भाच्या-पुतण्यांना उत्तरं पुरवल्याचं पुण्य घेतात, त्या मुलखात ह्या एका केंद्रावर यंदा दारात पथक होतं, भिंतीवर कॅमेरे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेपर चोख झाले आणि नेमका तेव्हाच आळ आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

'शंभराला ब्याऐंशी' ही ओळ शाईस्ताची होती.

त्या शाळेत गणिताला शिक्षक होता, पण कागदावर. प्रविण सर, संस्थाचालकांचा भाचा. हजेरीपटावर रोज सही, आणि माणूस केजला स्वतःच्या मोबाइलच्या दुकानात. गणिताच्या तासाला इतिहासाचे धोंडीराम सर येऊन बसत. माणूस सज्जन, पण वर्गसमीकरण दिसलं की चष्मा पुसायला घ्यायचे. जूनमध्येच त्यांनी खडू शाईस्ताच्या हातात दिला. "तुला येतंय तर घे बाई तूच. मी हाय बसून," म्हणाले, आणि वर्षभर बसून राहिले.

तिनं वर्ष काढलं. आदल्या दिवशी घरी गणितं सोडवायची, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यायची. रोहिणीला आलेख कळेना. रोहिणी तिची जिवाभावाची मैत्रीण, आईबाप कारखान्यावर उसाला गेले की मागं आजीजवळ राहणारी. तिच्यासाठी शाईस्तानं फळ्यावर मोटारसायकल काढली, एका अक्षावर पेट्रोल मांडलं, दुसऱ्यावर किलोमीटर, आणि एक वाढलं की दुसरं कसं वाढतं ते रेघ ओढून दाखवलं. रोहिणी म्हणाली, "अगं, एवढंच व्हय!" त्या दिवशी शाईस्ताला वाटलं होतं, आपण काहीतरी आहोत.

जीएसटीचा धडा आला तेव्हा मात्र तिनं पुस्तक उघडलंच नाही. जे येतं त्याचं पान कोण वाचतं? अब्बाच्या काउंटरवर ती हेच करत मोठी झाली होती. ब्रेकशू, चेनसेट, कसलाही पार्ट घेतला की गिऱ्हाईक म्हणायचं, पक्कं बिल नको, अठरा कापा. रईस अठरा कापायचा. पाचशेचा पार्ट चारशे दहाला. पाढा पाठ होता, शंभराला ब्याऐंशी. सगळी बाजारपेठ असंच कापत होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं. शाईस्तानं तोच पाढा फळ्यावर लिहिला, पोरांनी वहीत उतरवून घेतला. सराव परीक्षेत तोच आला. उत्तरपत्रिका तपासायलाही तीच, त्यामुळे सगळ्यांना पैकीच्या पैकी.

शाळेतून घरी आल्यावर तिनं कागद घेतला आणि गणित उलटं करून पाहिलं. एक हजार नऊशे पस्तीसवर अठरा टक्के चढवले तर दोन हजार तीनशे साठ यायला हवेत. आले दोन हजार दोनशे त्र्याऐंशी. पुन्हा केलं, तेवढेच आले. मग तिच्या लक्षात आलं. कर मूळ किमतीवर बसतो आणि आपण तो करासकटच्या किमतीतून कापत होतो. शंभराची वस्तू करासकट एकशे अठराला, म्हणजे एकशे अठरानं भागायला पाहिजे होतं. एवढी साधी गोष्ट. उत्तरात वीस पैसे आले तेव्हाच शंका यायला हवी होती. परीक्षेतली गणितं कधी वीस पैशांवर संपतात का? तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तीसेक पोरांचं वर्ष तिच्या एका ओळीत अडकलं होतं.

रईसला तिनं समजावून सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला. "म्हंजे माझीच अक्कल तुझ्या मुळावर आली की गं," म्हणाला. आपण इतकी वर्षं प्रत्येक पार्टमागं पैसे घालवले हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याला दिसत होती ती फक्त लेक.

"अब्बा, मी समितीला खरं सांगते. कॉपी कुनीच न्हाई केली. मीच चुकीचं शिकिवलं."

"सांग बेटा. खऱ्याला काय भ्यायचं?"

भ्यायचं काय ते सांगायला बबनराव दुसऱ्याच दिवशी गॅरेजवर आले. स्टुलावर बसले, चहा घेतला. "रईसभाई, कानावर आलं, पोरगी समितीला सांगणार म्हणं, गणित तिनं शिकिवलं? मग प्रविण सर काय करत होते असं विचारतील. शाळेची मान्यता जाईल. आमचे मास्तर बिनपगारी राबायलेत अनुदानाच्या आशेवर, त्यांची लेकरं काय खातील? कबूल केलं तर नुसता एक पेपर रद्द व्हतो. पुरवणीला बसायचं, सुटायचं."

"पुरवणीचा निकाल येईस्तोवर जागा भरून जातात, सर," शाईस्ता म्हणाली.

"पुढच्या वर्षी घे की मग. तुला काय घाई हाय?"

त्यांच्या लेकाला पुण्यात ह्याच वर्षी प्रवेश मिळाला होता. त्याला घाई होती. शाईस्ताचं ठरलं ते तेव्हाच.

समिती शाळेतच आली. दहावीच्या वर्गात टेबल मांडलं, त्यावर हार काढून ठेवलेले. मध्ये अध्यक्ष मॅडम, शेजारी दोन साहेब. पोरं बाकांवर, पालक दाराशी. प्रविण सर कडक इस्त्रीत हजर होते. वर्षात पहिल्यांदा वर्गात आले, त्यामुळे कुठं बसावं हे त्यांना कळेना. पुढच्या बाकावरच्या पोरांनी त्यांना पाहुणा समजून जागा दिली.

"मी धडा व्यवस्थित घेतला होता, मॅडम," ते म्हणाले. "आता पोरांनी परीक्षेत काय केलं, ते पोरं जाणोत."

शाईस्ता उठली. एका दमात बोलून गेली. कॉपी झाली नाही, गणित वर्षभर मी घेतलं, ती ओळ माझी, चूक माझी, ह्यांनी फक्त मी शिकवलं ते लिहिलं. "धोंडीराम सरांना इचारा," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. धोंडीराम सरांनी चष्मा काढला, रुमाल काढला. "मी इतिहासाचा," ते हळूच म्हणाले. "गणिताचं मला काय सांगता येणार?" शाईस्ताला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. नऊ वर्षं पगार नसलेला माणूस. पण कीव आली म्हणून राग कमी झाला नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी शाईस्ताकडं नीट बघितलं. "तू शिकवलंस म्हणतेस? मग हे गणित घे बघू फळ्यावर. आम्हाला शिकव."

शाईस्तानं खडू उचलला. रईस दारात टाचा उंचावून बघत होता. मागं सगळा वर्ग बसलेला, रोहिणी, सिदू, ज्यांना तिनं वर्षभर शिकवलं ती पोरं, अजूनही शंभराला ब्याऐंशीच खरं मानणारी. त्यांना दुसऱ्यांदा चुकीचं शिकवायचं तिच्या हातानं होईना. तिनं मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, शंभराची वस्तू करासकट एकशे अठराला. दोन हजार तीनशे साठ भागिले एकशे अठरा, वीस. गुणिले शंभर, दोन हजार. खाली ताळाही मांडला. मग वळून पोरांना म्हणाली, "कळलं का? आपलं इथं चुकलं व्हतं."

"हां!" रोहिणीच्या तोंडून निघून गेलं.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुला येतं. इतकं छान येतं, ताळ्यासकट. मग पेपरात चुकलं कसं?"

"तवा येत नव्हतं, मॅडम. पेपर झाल्यावर शिकले. परवा पत्र आलं तवा."

शेजारचे साहेब हसले. "परीक्षा झाल्यावर कोण गणित शिकतं गं?"

दुसरे साहेबही हसले. बबनराव हसले, प्रविण सर तर मोकळे होऊन हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी पेन उचललं आणि सोबतच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. विद्यार्थिनीस योग्य पद्धत पूर्णपणे अवगत आहे. पेपरातील चूक तिची स्वतःची असणे संभवत नाही." तिच्या बाजूनं दिलेली साक्ष तिच्याच गळ्यात पडली होती. शाईस्ता हातात खडू धरून तशीच उभी राहिली. चूक लिहिली असती तर खरी ठरले असते, हे तिला तेव्हा कळलं.

"मॅडम, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," रईस दारातून म्हणाला. शिपायानं त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

निकाल लगेच सांगितला गेला. जो लेखी कबुली देईल त्याचा एकच पेपर रद्द, जो देणार नाही त्याची सगळी परीक्षा. बबनरावांनी कोरे कागद वाटले. पालक खिडकीतून ओरडू लागले, लिही रे, लिही, एकदाचं मिटव. रईस तोंड फिरवून मैदानाकडं बघत उभा होता. पॉलिटेक्निकची यंदाची जागा गेली हे त्यालाही कळलं होतं. आमिनाबीला घरी जाऊन काय सांगायचं, आणि तिनं पोरीच्या लग्नाचं काढलं तर पुढच्या वर्षापर्यंत तिला कसं थोपवायचं, ह्याचा विचार तो करत असावा.

शाईस्तानं पेन हातात घेतलं, ठेवलं. सगळी परीक्षा घालवायची की एक पेपर, एवढाच हिशोब उरला होता, आणि हिशोब तिला येत होता. तिनं पेन पुन्हा उचललं.

बबनराव मजकूर सांगू लागले. "मी स्वखुशीने कबूल करतो की, बीजगणिताच्या पेपरात मी शेजारच्या विद्यार्थ्याचे पाहून लिहिले." ते भरभर सांगत होते, समितीला बीड गाठायचं होतं. पोरांची मधली वाक्यं सुटायला लागली. रोहिणी पुढच्या बाकावर वाकली. पुढचीनं तिच्याही पुढच्याचं बघितलं. हळूहळू सगळा वर्ग एकमेकांच्या कागदात डोकावू लागला. समोर अख्खी समिती बसली होती, पण कुणी कुणाला हटकलं नाही.

"शाईस्ता," मागून सिदू कुजबुजला, "'स्वखुशीने'च्या पुढं काय हाय गं?"

तिनं आपला कागद त्याला दिसेल असा तिरका धरला.