हॅलोरनला घ्यायचं की नाही

वॉल्ट ब्रॅनिगनने ते नाव उच्चारलं आणि मीटिंगमधल्या सगळ्या माना नैनाकडे वळल्या. कुणीतरी खुदकन हसलंही. न्यू जर्सी हेरॉन्सच्या ऑफिसात नैना वैरागडे लहानपणी कुणाची जर्सी घालून शाळेत जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आइस हॉकीच्या धंद्यातला हा सगळ्यांत धांदलीचा आठवडा. जून सरला की ज्यांचे करार संपतात ते खेळाडू मोकळे होतात, आणि एक जुलैच्या दुपारपासून कुठलीही टीम त्यांना फोन करू शकते. यंदा मोकळ्या होणाऱ्यांत डेनिस हॅलोरन होता. डावा विंगर, म्हणजे डाव्या बाजूने चढाई करणारा; वय एकोणचाळीस. विशीत तो हेरॉन्सकडूनच पहिल्यांदा बर्फावर उतरला होता. मग टीमने त्याला दुसरीकडे देऊन टाकलं, आणि त्याची पुढची सगळी वर्षं पश्चिमेकडच्या टीम्समध्ये गेली. शेवटच्या टीमने नवा करार दिला नव्हता.

बाहेरच्या खेळाडूंचे व्हिडिओ आणि आकडे तपासून कुणाला घ्यावं, कुणाला टाळावं हे सांगणं, हे नैनाचं काम. मॅनेजर म्हणून शेवटचा शब्द वॉल्टचा असायचा, पण तिला विचारल्याशिवाय नाही.

"नको," नैना म्हणाली.

वॉल्टने चष्मा कपाळावर सरकवला. "मला वाटलं होतं तू नाचशील."

"तो संपलाय, वॉल्ट. डावा खुबा गेलाय त्याचा. कोपऱ्यात चकतीसाठी भिडत नाही. दोन वर्षांपूर्वी जिथे पोहोचायचा, तिथे आता दुसरा कुणी आधीच उभा असतो."

"आपली पोरं कोवळी आहेत. ड्रेसिंग रूममध्ये एखादा जुना हवा."

"जुना हवा, पण हा नको."

वॉल्टने समोरची फाइल मिटली. "उद्या दुपारपर्यंत विचार कर. आणि उद्या मला कारण सांग. आज नुसतं उत्तर दिलंस."

हे तिला लागलं. कारण तर दिलं होतं, वर खुब्याचं नावसुद्धा घेतलं होतं!

संध्याकाळी ती पार्सिपनीला आईवडिलांकडे जेवायला गेली. वाटेत तो रस्ता लागला, ज्यावरून ती आणि बाबा मॅचला जायचे. मग काय, ऑफिस मागे पडलं आणि ती सोळा वर्षांची झाली.

त्या वर्षी बाबांची, मोरेश्वररावांची, नोकरी गेली होती. नागपूरहून आलेला, बोलघेवडा, शनिवारी चार घरं गोळा करून हसवणारा माणूस एकदम मिटला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप घेऊन बाहेर पडायचे, आणि नैनाने एकदा शाळेच्या बसमधून त्यांना लायब्ररीच्या पायऱ्यांवर दार उघडायची वाट बघत बसलेलं पाहिलं. ती घरी काही बोलली नाही. तेही काही बोलले नाहीत. जेवताना चमच्यांचा आवाज तेवढा यायचा.

बोलायचे ते फक्त हॉकीच्या मॅचला. त्यांचे मित्र अवधूतकाका, त्यांच्या कंपनीला हेरॉन्सची तिकिटं मिळायची, आणि आठवड्यातल्या मधल्या दिवसाची कुणी घेत नसे. ती बापलेकीकडे यायची. छताला डोकं लागेल अशी सगळ्यांत वरची रांग. खाली बर्फाचा पांढरा आयत, त्यावर मुंगळ्यांएवढी माणसं. गाडीतच थर्मासमधला चहा संपवायचा आणि आत शिरायचं. आत शिरलं की मोरेश्वररावांच्या तोंडून इंग्रजी जायचं, पुणेरी घराण्यातल्या बायकोकडून उचललेलं शुद्ध मराठी जायचं आणि निव्वळ नागपूर बाहेर पडायचं. "अबे, काहून थांबला बे? दे ना त्याले!" पुढच्या रांगेतला एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर मागे न बघता हात वर करून म्हणायचा, "हे म्हणतायत तेच!"

आणि मग हॅलोरन यायचा. त्याची एक खास चाल होती. डाव्या अंगाने गोलाच्या मागे शिरायचा, इतका कलायचा की वाटे आता आडवा होणार, आणि दुसऱ्या बाजूने पक, ती रबरी चकती, घेऊन निघायचा. गोलकीपर अजून पहिल्याच बाजूला बघत असायचा. मोरेश्वरराव त्याला 'प्रदक्षिणा' म्हणत. प्रदक्षिणा झाली की ते उठून उभे राहायचे आणि नैनाचा खांदा इतका गच्च धरायचे की घरी गेल्यावरही दुखायचा. त्या हिवाळ्यात बाबा तिला भेटले ते तिथेच, छताखाली.

पार्सिपनीच्या घरी जेवणं झाली. नैनाची आई, वीणाताई, ताटं उचलत होत्या. मोरेश्वरराव निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता पुन्हा बोलघेवडे झाले होते.

"टीव्हीवर म्हणतायत, तुम्ही हॅलोरनला आणणार."

"बाबा, यावर मला बोलता येत नाही, यू नो दॅट."

"नको बोलू. माझं ऐकून तर घे." त्यांनी हात पुसले. "नका आणू त्याला."

वीणाताई थबकल्या. "अहो, गॅरेजमध्ये अजून त्याचं पोस्टर आहे तुमचं! टाकू म्हटलं तर टाकू देत नाही."

"म्हणूनच. मला तो तसा बघायचा नाही. मी म्हातारा झालो ते रोज दाढी करताना दिसतं, तेवढं पुरे. तो माझ्या डोक्यात तेवढाच आहे. राहू दे ना तिथे. काय बिघडतंय?"

आपणच दुपारी दिलेलं उत्तर बापाच्या तोंडून ऐकल्यावर नैनाचा चेहरा तापला. खुबा, कोपरा, वेग, सगळं खरं होतं. पण ती ते व्हिडिओ बघायला बसली होती ती काय काय गेलं ते मोजायला. काय उरलंय ते तिने पाहिलंच नव्हतं. बाबा निदान सरळ बोलत होते. तिने मात्र त्यावर आकडे पांघरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत तिने ते व्हिडिओ पुन्हा लावले. हा कुणी परका माणूस आहे असं समजून. डावी गिरकी, ती प्रदक्षिणा, गेलेली होती, यात शंकाच नाही. पण समोरच्या टीमचा माणूस शिक्षा होऊन बाहेर बसला की हा गोलाच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहायचा. पाठीत काठ्या बसायच्या, ढकलाढकली व्हायची, हा हलायचा नाही. लांबून मारलेला पक स्टिकच्या टोकाने अलगद वळवायचा. विशीतल्या हॅलोरनला कुणी तिथे उभं राहायला सांगितलं असतं तर तो हसला असता.

वॉल्ट आला तेव्हा ती त्याच्या दारात उभी होती. "घेऊ या. एक वर्ष. चौथ्या, शेवटच्या फळीत, आणि गोलापुढे उभं राहायला. रोज खेळवायचं नाही. आणि सही करायच्या आधी हे सगळं त्याला तोंडावर सांगायचं."

"कोण सांगणार?" वॉल्टने विचारलं, आणि फोन तिच्यासमोर सरकवला.

दुपारी फोन लागला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं. नैनाने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि घसा खाकरला. "मिस्टर हॅलोरन, तुमची डावी गिरकी गेलीय."

कुत्र्याला कुणीतरी गप्प केलं. वॉल्टने डोळे मिटून घेतले.

"दोन वर्षं झाली," हॅलोरन म्हणाला. "एकाचंही बोलायचं धाडस झालं नाही. छान दिसतोयस, छान दिसतोयस, चाललंय. तुला कधी कळलं?"

"सोळा वर्षांची असल्यापासून बघतेय मी ती."

तो हसला. "मग मी तुम्हाला कशाला हवाय?"

तिने सांगितलं. गोलापुढची जागा, बाकावर काढावे लागणारे दिवस, विशीतली पोरं. काही लपवलं नाही. दुसरी एक टीम त्याला पहिल्या फळीत खेळवायचं म्हणत होती. तो म्हणाला, बायकोशी बोलतो. संध्याकाळच्या आत त्याचा होकार आला. "तिकडचे लोक मी पंचविशीचा असल्यासारखे बोलतात," तो वॉल्टला म्हणाला. "मला भीती वाटते त्यांची."

ऑक्टोबरात पहिल्या मॅचला सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि त्या टाळ्यांनी डोकं फिरलं म्हणा किंवा सवय म्हणा, दुसऱ्याच मिनिटाला हॅलोरन डाव्या अंगाने गोलाच्या मागे शिरला, कलला आणि बदकन पडला. पक तिसराच कुणी घेऊन गेला. नैनाच्या मागच्या रांगेत एक जण हसला. मागे वळून त्याच्या अंगावर कॉफी ओतावी असं तिला वाटलं. हॅलोरन उठला, गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि बाकावर जाऊन बसला. ती चाल त्याने पुन्हा केली नाही.

पुढचे महिने असेच, बरेवाईट. कधी खेळायचा, कधी टीमबाहेर राहून सूट घालून वर बसायचा. मोरेश्वररावांनी एकदाही तिकीट मागितलं नाही. "टीव्हीवर तो आला की पाणी प्यायला उठतात," वीणाताईंनी फोनवर सांगितलं. "दिवसाला चार तांबे पाणी पितायत, नैना."

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारची मॅच होती. सकाळीच बाबांचा फोन. "एक तिकीट असेल का गं?"

तिने त्यांना काचेजवळ, अगदी खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. इतक्या जवळून त्यांनी हॉकी कधी पाहिली नव्हती. बर्फावर ब्लेड घासल्याचा आवाज, खेळाडूंची धाप, शिव्या. ते चक्क गप्प बसले. हॅलोरन समोरून गेला तेव्हा त्यांना त्याची पांढरी दाढी दिसली.

शेवटी शेवटी समोरच्या टीमचा एक जण शिक्षा होऊन बाहेर बसला. हॅलोरन गोलापुढे जाऊन उभा राहिला, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. पाठीत काठी बसली. पुन्हा बसली. दोन धिप्पाड पोरं त्याला रेटत होती. लांबून पक सुटला, याने उभ्या जागी मनगट जरासं वळवलं आणि तिघेही एकावर एक कोसळले. सगळ्यांत खाली हॅलोरन. गोल झाला. तो त्याला दिसलाही नाही. बाकीच्यांनी उचलून उभं केलं तेव्हा कळलं.

मोरेश्वरराव उभे राहिले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नैना, मी याला ओळखतच नव्हतो गं," ते म्हणाले. "तो पोरगा वेगळा होता. हा माणूस वेगळा आहे." मग थोड्या वेळाने, "हाही भारी आहे पण."

त्यानंतर ते घरच्या प्रत्येक मॅचला आले.

हेरॉन्स वसंतातल्या बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत हरले. मे महिन्यात हॅलोरनने जाहीर केलं की आता बास. भाषणबिषण केलं नाही. ओरेगॉनच्या घरापर्यंत गाडीनेच जाणार म्हणाला, बायको पुढे गेली होती, वाटेत मासे पकडत जायचं होतं. निघायच्या दिवशी नैना त्याच्या बॅगा गाडीत ठेवायला मदत करत होती, तेवढ्यात पार्किंगमध्ये ओळखीची गाडी शिरली. मोरेश्वरराव उतरले. हातात स्टीलचा डबा.

"माझे वडील," नैना म्हणाली. "आणि हे आलूबोंडे असणार. आईने दिलेत?"

"इतका लांबचा रस्ता आहे, म्हणाली, उपाशी कसं पाठवायचं." मग इंग्रजीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्या बोलघेवड्या माणसाला एक शब्द सुचेना. त्यांनी डबाच पुढे केला.

हॅलोरनने तिथेच, गाडीला टेकून, एक तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे," तो म्हणाला, आणि दुसरा उचलला. "नैना सांगत होती, तुम्ही मला वरच्या रांगेतून कोचिंग करायचात."

"नागपुरीत करायचो," मोरेश्वरराव म्हणाले. "तुम्हाला पोहोचलं नसेल."

"थोडंफार पोहोचलं असेल. काही चांगले दिवस होते माझे तेव्हा."

"आमचेही," मोरेश्वरराव म्हणाले.

तिसरा बोंडा खाऊन त्याने डबा बंद केला, शेजारच्या सीटवर नीट ठेवला आणि दोघांशी हात मिळवला. गाडी गेटबाहेर पडून हायवेच्या दिशेने वळेपर्यंत बापलेक उभे होते.

"डबा राहिला की त्याच्याकडे," नैना म्हणाली. "आई ओरडेल."

"ओरडू दे," मोरेश्वरराव म्हणाले. "चल, कॉफी पाज मला. मग जा कामाला."