प्रत्येक पडद्यावर विश्राम

शाखांसाठी काढलेल्या प्रत्येक डेस्कटॉपमध्ये हेमांगीचा नवरा बसलेला निघाला.

चूक तिचीच होती, आणि अशी चूक बायकोच करू जाणे. दोघं कामाला होती त्या रत्नागिरीतल्या छोट्या कंपनीला एका सहकारी बँकेचं काम मिळालं होतं. सर्व्हरवर एक मूळ डेस्कटॉप तयार करायचा, त्याच्या हव्या तितक्या प्रती काढायच्या, प्रत्येक प्रतीला शाखेचं नाव आणि शाखेचा प्रिंटर द्यायचा, की ती आपली आपण त्या शाखेला जाते. फक्त प्रती काढण्याआधी मुळातला माणूस, म्हणजे तो बनवणाऱ्याचं खातं, पुसून घ्यायचा असतो. तो मूळ डेस्कटॉप तिच्या नवऱ्यानं, विश्रामनं, बनवला होता. जेवणाच्या सुट्टीत "आलोच" म्हणून तो उठला आणि जिन्यातच कोसळला, तो गेलाच. त्याचं खातं तसंच उघडं राहिलं. पावसाळा सरला, दिवाळी झाली, पण ते बंद करायला हेमांगीचा हात काही धजला नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "बघते."

आता तो फायलींच्या चित्रांमागे, हात फाटलेल्या खुर्चीत, निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडून बसला होता. पडदा उजळला की मान वर करून म्हणायचा, "अगं हेमू, डबा गरम केलास का?" सगळ्या पडद्यांवरून एकदमच.

पुंडे साहेबांनी एक फेरी मारली. "प्रती छान आल्यात," ते म्हणाले. "पण सगळे एकच नाव सांगतायत. नेटवर्कवर एक नाव एकाचंच असतं, मॅडम. आज गेल्या पाहिजेत."

नावाचा खेळ करू नये हे सकाळीच कळलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या गवाणकरनं गंमत म्हणून एका प्रतीला स्वतःचं नाव घातलं. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र कोरं झालं, आणि ती प्रत त्याची स्कूटर काढून त्याच्या घरी निघून गेली. तेव्हापासून गवाणकर पँट्रीत बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला नम्रपणे विचारत होता, आपण कुठे राहतो.

हेमांगीनं पहिल्या प्रतीच्या चौकटीत चिपळूण घातलं. विश्रामनं बाह्या सोडल्या, गुंड्या लावल्या.

"नमस्कार, मॅडम," तो म्हणाला, आणि पडद्यातल्या दारानं निघून गेला.

लग्नानंतर त्यानं तिला एकदाही अहो-जाहो केलं नव्हतं. मग राजापूर, मग खेड, मग देवरुख. प्रत्येक जण तितक्याच अदबीनं उठला. खेड गेल्यावर विश्राम भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते तिला आठवेना. देवरुख गेल्यावर तो आंघोळ करताना काय गुणगुणायचा तेही गेलं. टेबल लांबत चाललं होतं. पुढच्या पडद्यापर्यंत जायला तिला आता चालावं लागत होतं, आणि खिडक्या कुठे मागे राहिल्या होत्या. तिला रडू येत होतं, पण काम थांबवता येत नव्हतं. पुंडे साहेब टेबलाच्या त्या टोकाला, बोटाएवढे, हात मागे बांधून उभे होते.

शेवटी एकच उरला. त्याला तिनं त्याचंच नाव घालून पाहिलं. हे नाव वापरातून काढलेलं आहे, असं उत्तर आलं.

"अगं हेमू, बाकीचे कुठे गेले?" त्यानं विचारलं.

"शाखांना."

"आणि मी कुठे जायचं?"

"लांजा राहिलंय."

"लांज्याला मी काय करू? मला घरी जायचंय. भूक लागलीय."

"विश्राम, तू त्या दिवशी जिन्यात..."

"जिन्यात काय?"

"काही नाही." हा एवढा एक तिला अगं म्हणणारा उरला होता, आणि त्याला पाठवणं तिच्या जिवावर आलं होतं.

"झालं का, मॅडम?" लांबून बारीक आवाज आला.

हेमांगीनं कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "तूच घाल," ती म्हणाली. "जिथं जायचंय तिथलं नाव घाल."

विश्राम खुर्चीतून पुढे झुकला. जराही विचार न करता त्यानं आतल्या बाजूनं लिहायला घेतलं. चौकटीत पहिलं अक्षर उमटलं, हे. हेमांगीनं गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. तिथलं पहिलं अक्षर गेलं होतं.

खोडायला एक बोट पुरलं असतं. तिनं बोट उचललंही. मग तिला त्याचा भांग दिसला, डावीकडे पाडलेला, आणि तिनं बोट परत मांडीवर ठेवलं. दुसरं अक्षर उमटलं. तिसरं उमटलं. कार्डावर मठकर हे आडनाव तेवढं राहिलं.

पँट्रीत गवाणकरनं शेजारची खुर्ची ओढून जागा केली.

विश्राम उठला. त्यानं बाह्या सोडल्या नाहीत. दारात थांबून तो मागे वळला, हसला आणि म्हणाला, "अगं हेमू, चल ना."

कुणाला हाक मारतोय म्हणून तिनं मागे वळून पाहिलं.